टोळीचा सिनेमा आणि संघटनेची रिकामी जागा

(चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटते तेव्हा महामार्गालगतच्या चहाच्या टपऱ्यांपाशी जे दृश्य दिसते, ते येथे जमलेल्या प्रत्येकाच्या परिचयाचे आहे. मोहोळ आणि उत्तर सोलापूर तालुक्यांतील गावांतून, सोलापूर शहरातील वस्त्यांतून आलेली अठरा-वीस वर्षांची मुले मोटारसायकली उभ्या करून थांबतात. एका गाडीवर तिघे बसलेले असतात, मधल्याच्या हातात मोबाइल असतो, आणि त्या तळहाताएवढ्या पडद्यावर कोणी एक 'भाई' संथ पावले टाकीत येत असतो. पाठीमागे टोळी, टोळीच्या हातात कोयते आणि भोवती कानठळ्या बसवणारे संगीत. दहा-पंधरा मिनिटांचा हा खेळ संपला की गाड्या सुरू होतात आणि मुले आपापल्या गावी जातात. दिवसभर पिंपे हलवणाऱ्या आणि पोती वाहणाऱ्या या मुलांच्या विरंगुळ्याचा एवढाच काय तो वेळ.

त्याच टपरीवर एखादा वडीलधारा कायम कामगार उभा असतो. त्याचा निकाल ठरलेला आहे : सिनेमाने पोरे बिघडवली. त्याच्या घरी त्याच वयाचा मुलगा असतो, म्हणून या निकालात राग कमी आणि भीती अधिक असते. ही भीती खोटी नाही. परंतु निकाल बरोबर आहे काय, याची तपासणी चळवळीच्या कार्यकर्त्यांनी एकदा करावयास हवी. निकाल चुकला तर उपायही चुकतो, आणि चुकलेल्या उपायाची किंमत त्या पोरांना मोजावी लागते.

या तपासणीसाठी थोडे दूर, सत्तर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत जावे लागेल. कारण वाहनावर बसून, बिघडलेल्या पोरांचे स्वस्तातले सिनेमे पाहण्याची पद्धत मोबाइलने आणलेली नाही. तिचा मोठा बाजार प्रथम तेथे भरला.

आधी जाहिरात, मग कथा

१९३३ साली न्यू जर्सी राज्यात कॅम्डेन या शहराजवळ पहिले 'ड्राइव्ह-इन' चित्रगृह सुरू झाले. मोकळ्या मैदानात मोठा पडदा, त्यासमोर मोटारींच्या रांगा आणि मोटारीतच बसलेला प्रेक्षक, अशी ती व्यवस्था. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांबाहेर नव्या वसाहती झाल्या, घरोघरी मोटार आली, आणि १९५८ च्या सुमारास अशा चित्रगृहांची संख्या चार हजारांच्या पुढे गेली. प्रौढ माणसे तोवर घरात दूरदर्शन संचासमोर बसू लागली होती. ज्यांना घरात जागा नव्हती आणि घराबाहेर कोठे जावे हे ठाऊक नव्हते, ती तरुण मुले मोटार घेऊन या मैदानांत येऊ लागली.

नेमक्या याच काळात तेथील चित्रपटधंद्याची घडी मोडली होती. १९४८ साली 'पॅरामाउंट' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मक्तेदारीविरुद्ध निकाल दिला, आणि मोठ्या चित्रपट कंपन्यांना आपल्या मालकीची चित्रगृहे सोडून द्यावी लागली. या कंपन्यांनी कमी आणि महागडे चित्रपट काढण्याचे धोरण स्वीकारले. लहान चित्रगृहांच्या मालकांना मात्र दर आठवड्याला नवा माल हवा होता. ही गरज ओळखून जेम्स निकोल्सन आणि सॅम्युएल आर्कॉफ या दोघांनी १९५४ साली एक कंपनी काढली. पुढे 'अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स' या नावाने ती प्रसिद्धीस आली.

या कंपनीची कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. आधी चित्रपटाचे नाव ठरे, मग भित्तिपत्रक तयार होई. ते चित्रगृहमालकांना दाखवून 'हे चालेल काय' असे विचारले जाई. मालकांनी मान डोलावली की त्यानंतर कथा लिहावयास घेतली जाई. चित्रण आठ-दहा दिवसांत उरकले जाई आणि दोन चित्रपट एकाच तिकिटात दाखवले जात. गिऱ्हाइकाचा हिशेबही पक्का होता. लहान मूल मोठ्याचा सिनेमा पाहते, पण मोठा मुलगा लहानाचा पाहत नाही. मुलगी मुलाचा सिनेमा पाहते, पण मुलगा मुलीचा पाहत नाही. म्हणून एकोणीस वर्षांचा मुलगा हेच खरे गिऱ्हाईक. 'रिफॉर्म स्कूल गर्ल', 'ड्रॅगस्ट्रिप गर्ल', 'मोटारसायकल गँग' हे या कंपनीचे १९५७ या एकाच वर्षातील चित्रपट. रॉजर कॉर्मन या दिग्दर्शकाचा, मुलींच्या टोळीवरचा 'टीनेज डॉल' हाही त्याच वर्षीचा. तो दुसऱ्या कंपनीने वितरित केला. धंद्यात नफा दिसला की सगळेच उतरतात.

या स्वस्त चित्रपटांना वाट करून दिली ती मोठ्या कंपन्यांच्या दोन चित्रपटांनी. 'ब्लॅकबोर्ड जंगल' आणि 'रिबेल विदाउट अ कॉज' हे दोन्ही १९५५ सालचे. पहिल्यात न्यूयॉर्कमधील, हाताचे काम शिकवणाऱ्या एका शाळेतील बेबंद मुले आहेत. दुसऱ्यात सुखवस्तू वस्तीतील तीन पोरकी मने आहेत. घरी आई-बाप असूनही पोरकी. त्या वेळी अमेरिकेच्या सेनेटची एक उपसमिती बालगुन्हेगारीची चौकशी करीत होती. तिचे अध्यक्ष एस्टेस केफॉव्हर यांनी १९५५ मध्ये चित्रपटांवरही सुनावणी घेतली. व्हेनिसच्या महोत्सवातून 'ब्लॅकबोर्ड जंगल' काढून घेण्यात आला, तो अमेरिकेच्याच इटलीतील राजदूतांनी हरकत घेतली म्हणून. देशाची बदनामी नको, असा त्यामागचा विचार होता.

अशा वातावरणात स्वस्त चित्रपटवाल्यांनी एक युक्ती काढली. पडद्यावर तासभर मारामारी, मोटारींच्या शर्यती आणि दारू दाखवावी, आणि सुरुवातीला व शेवटी गंभीर आवाजात उपदेश जोडावा. पुढे जगप्रसिद्ध झालेला रॉबर्ट अल्टमन याने आपला पहिला कथापट 'द डेलिंक्वेंट्स' कॅन्सस सिटी या आपल्या गावी, एका चित्रगृहचालकाच्या पैशावर केला आणि तो १९५७ साली प्रदर्शित झाला. त्याच्याही चित्रपटाला असा उपदेश दोन्ही टोकांना चिकटवण्यात आला, आणि तो अल्टमनच्या मनाविरुद्ध होता. मुलांना मारामारी विकावयाची आणि त्यांच्या आई-बापांना उपदेश विकावयाचा, असा हा दुहेरी व्यवहार होता. मुलांची भीती आई-बापांना वाटावी आणि त्याच भीतीचा तोरा मुलांना मिरवता यावा, यात धंद्याला दोन्हीकडून नफा होता.

या चित्रपटांत सर्व काही आहे, पण कारखाना नाही. मुलगा बिघडला तो आई वरचढ आणि बाप मवाळ म्हणून. 'रिबेल'मधला बाप घरात स्वयंपाकाचा एप्रन बांधून वावरतो, आणि चित्रपटाच्या दृष्टीने त्याचा तोच गुन्हा ठरतो. हाताचे काम शिकवणाऱ्या शाळेतील मुले दंगा का करतात, याचे उत्तर मास्तराच्या सहनशीलतेत शोधले जाते. ते काम शिकून पुढे कोणत्या दारात उभे राहावयाचे, त्या दारावर काळ्या मुलाला आणि गोऱ्या मुलाला सारखे आत घेतात काय, हा प्रश्न कडेकडेने जातो. सगळी चूक घराच्या चार भिंतींत बसवली की गिरणी, बाजार आणि सरकार आपोआप निर्दोष सुटतात.

बंदी घालून काय साधले?

बिघडलेल्या पोरांच्या चित्रपटांवर बंदी घालावी, असे अनेक सज्जन माणसांना वाटते. त्यांच्यासाठी ब्रिटनचे एक उदाहरण पुरेसे आहे. मोटारसायकलवाल्या टोळीवरचा, मार्लन ब्रँडोची भूमिका असलेला 'द वाइल्ड वन' हा १९५३ सालचा अमेरिकन चित्रपट. ब्रिटनच्या परिनिरीक्षण मंडळाने १९५४ मध्ये त्याला प्रमाणपत्र नाकारले, आणि ते मिळाले १९६७ मध्ये. या मधल्या काळात, १९६४ साली, क्लॅक्टन आणि ब्राइटन या समुद्रकाठच्या गावांत 'मॉड' आणि 'रॉकर' म्हणवणाऱ्या तरुणांच्या टोळ्या एकमेकांशी भिडल्या. 'रॉकर' मोटारसायकलवालेच होते. चित्रपट कुलपात होता, आणि टोळ्या रस्त्यावर होत्या. बंदीने टोळी थांबत नाही. टोळीविषयीची चर्चा तेवढी थांबते.

याचा अर्थ असे चित्रपट निरुपद्रवी आहेत असा नव्हे. कोयता हातात घेतला की माणूस उंच दिसतो, हे त्यांनी हजार वेळा दाखवले आहे. बाईला तर त्यांत दोनच जागा : टोळीच्या नायकाचे बक्षीस होणे, नाही तर त्याच्या सूडाचे निमित्त होणे. या वसाहतीत काम करणाऱ्या मुलींनाही तोच सिनेमा मोबाइलवर दिसतो, आणि त्यांच्या वाटेवर उभ्या राहणाऱ्या पोरांनी तो पाहिलेला असतो. चळवळीने या चित्रपटांवर कठोर टीका केलीच पाहिजे. पण टीका करणारा आणि बंदी मागणारा यांत फरक आहे. पहिल्याला पोराशी बोलावे लागते, दुसऱ्याचे काम पोलिसांशी बोलून भागते.

गिरणगावाने काय दाखवले

मुंबईच्या गिरणगावातून आलेले चित्रपट या बाबतीत अमेरिकन चित्रपटांच्या पुढे गेले, हे प्रामाणिकपणे मान्य करावयास हवे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मिटला असे कोणी म्हणू शकत नाही. तो विझत गेला आणि त्याबरोबर घरे विझत गेली. चार वर्षांनी, १९८६ साली, एन. चंद्रा यांचा 'अंकुश' आला. थोड्या पैशांत काढलेल्या या चित्रपटात नाक्यावर बसणारे चार बेकार तरुण आहेत. एका तरुणीवर अत्याचार होतो, न्यायालयात न्याय मिळत नाही, ती आत्महत्या करते. हे चौघे सूड घेतात आणि फासावर जातात. याच चित्रपटातील प्रार्थना पुढे देशभर शाळाशाळांतून म्हटली जाऊ लागली. चार खुनी ठरलेल्या बेकारांच्या कथेतले मागणे समाजाने लेकरांच्या तोंडी दिले, आणि ते चौघे बेकार का होते हे मात्र विसरून टाकले.

१९९९ सालच्या 'वास्तव'मध्ये महेश मांजरेकरांनी पावभाजीची गाडी लावणाऱ्या मुलाचा गुंड कसा होतो ते दाखवले. जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकाने तर संपानंतरच्या एका कामगार कुटुंबाची खोलीच रंगमंचावर उभी केली. त्यावरून मांजरेकरांनी २०१० साली 'लालबाग परळ' काढला. जयंत पवारांच्याच कथेवर आधारित 'नाय वरनभात लोन्चा कोन नाय कोन्चा' २०२२ साली आला, तेव्हा त्याच्या जाहिरातीतील दृश्यांवरून मोठा वाद उठला. त्या वादात अल्पवयीन मुलांना पडद्यावर काय करावयास लावले यावर रास्त बोलणे झाले. परंतु गिरणी कामगारांची नातवंडे अशा वळणावर आली कशी, यावर त्या दिवसांत किती अग्रलेख लिहिले गेले? प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' २०१८ सालचा. पुण्याभोवतीची जमीन विकली गेली, पैसा आला तसा गेला, बाप दुसऱ्याच्या दारी राबू लागला आणि मुलगा टोळीत गेला, एवढी सरळ त्याची मांडणी आहे.

अमेरिकन चित्रपटांनी दोष घरावर ढकलला; या मराठी माणसांच्या चित्रपटांनी दोषाचा पत्ता बरोबर लिहिला. बंद गिरणी, विकलेली जमीन, फुकट गेलेला संप. तरीही टपरीवरचा मुलगा त्यातून काय घेऊन जातो? तो भाईची चाल घेऊन जातो, वाक्य घेऊन जातो, केसांची तऱ्हा घेऊन जातो. बापाची विकलेली जमीन पहिल्या काही मिनिटांत येते आणि पुढे दोन तास कोयता चालतो. कारण सांगून झाले की चित्रपट कारणाकडे वळून पाहत नाही, कारण पाहण्याजोगी दुसरी वाट त्याला ठाऊक नसते.

येथे चळवळीच्या कार्यकर्त्याने थांबून स्वतःला प्रश्न विचारावयास हवा. दुसरी वाट चित्रपटाला ठाऊक नाही, की ती वाट दिसेनाशी झाली आहे?

टोळी काय देते?

टोळी मुलाला पैसा देते म्हणून तो तिच्यात जातो, हे अर्धसत्य आहे. नाक्यावरच्या बहुतेक पोरांच्या खिशात टोळीचा एक रुपयाही येत नाही. टोळी त्याला आधी नाव देते. दिवसा ज्याला 'ए पोरा' म्हणून हाक मारली जाते, त्याला संध्याकाळी टोपणनाव असते. टोळी त्याला भाऊ देते. एकावर हात पडला तर दहा धावून येतील अशी खात्री देते. तो दोन दिवस दिसला नाही तर कोणी तरी विचारते. त्याच्या वाढदिवसाला चौकात फलक लागतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्या माणसापुढे त्याचा बाप आयुष्यभर मान खाली घालून उभा राहिला, त्या माणसाला आपल्याला पाहून रस्ता बदलावा लागतो, हे सुख टोळी देते.

ही यादी एखाद्या जुन्या गिरणी कामगारासमोर वाचली तर तो म्हणेल, हे सारे युनियन देत असे. सोलापुरात १८७७ साली पहिली गिरणी सुरू झाली. आंध्र-तेलंगणातून आलेला विणकर, मराठवाड्यातून दुष्काळाने हाकललेला कुणबी, विजापूरकडचा कानडी मजूर, असे सगळे त्या भोंग्याच्या आवाजावर एकत्र आले. खात्यात एकावर अन्याय झाला की साचे बंद होत. युनियनच्या कार्यालयात आपले नाव लिहिलेले असे, आणि मुकादमाला ते ठाऊक असे. मे १९३० मध्ये याच शहरात मार्शल लॉ पुकारला गेला. त्यानंतर १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा फासावर गेले. यांपैकी कुर्बान हुसेन ऐन विशीतले आणि कामगारांच्या चळवळीत वावरणारे. विशीतल्या मुलाच्या अंगातली धग त्या काळीही हीच होती. तिला उभे राहावयास जागा वेगळी मिळाली.

त्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्यांच्या जागी जे काम आले ते वेगळ्या तऱ्हेचे आहे. चिंचोळीत रसायनांचे आणि औषधांचे मोठे कारखाने आहेत, त्यांचा माल परदेशी जातो. पण आत येणाऱ्या तरुणांपैकी किती जण कारखान्याचे कामगार आहेत आणि किती जण कंत्राटदाराचे? कंत्राटी कामगारांचे नियमन आणि उच्चाटन करण्याचा कायदा १९७० साली झाला. नियमनाचे कागद झाले. उच्चाटनाचे नाव कायद्याच्या शीर्षकातच राहिले. कंत्राटदार बदलला की मुलाचा हजेरीपट बदलतो आणि त्याची जुनी सेवा पुसली जाते. शेजारच्या यंत्रावरच्या कायम कामगाराला त्याचे आडनाव माहीत नसते. ज्या संघटनेने त्याला सभासद करून घ्यावयाचे, तिच्या घटनेत त्याच्यासाठी रकाना नसतो. असा मुलगा संध्याकाळी मोटारसायकलवर बसून टोळीचा सिनेमा पाहतो, तेव्हा तो दंगा पाहत नसतो. ज्या जगात प्रत्येकाला नाव आहे आणि प्रत्येकामागे कोणीतरी उभे आहे, असे एक जग तो पाहत असतो. ते जग खोटे आहे, रक्तात संपणारे आहे, हे त्याला कळतेही. पण त्याच्यासमोर खरे जग कोणी ठेवले?

शिक्का मारण्याची जुनी सवय

अशा मुलांकडे पाहण्याची समाजाची दुसरी एक सवय आहे, आणि तिची साक्ष सोलापूरइतकी दुसरे कोणते शहर क्वचितच देईल. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे त्या कायद्याखाली सोलापुरात 'सेटलमेंट' उभी राहिली. काटेरी तारांच्या आत पारधी, कैकाडी, भामटे अशा जमातींची कुटुंबे ठेवली गेली. ठरलेल्या वेळी हजेरी, बाहेर जावयास परवाना, आणि मुलाने पहिली चोरी करण्यापूर्वीच त्याच्या नावापुढे गुन्हेगार ही नोंद. याच तारांआडची माणसे गिरण्यांत कामास जात. श्रम चालत, माणूस चालत नसे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. तारा निघाल्या, शिक्का निघावयास अजून किती वर्षे लागतील ते पारध्याच्या पोराला विचारावे.

आज वर्तमानपत्रांत 'कोयता गँग' हा शब्द रोजचा झाला आहे. पुण्यात २०२२-२३ च्या सुमारास तो विशेष गाजला. गुन्हा करणाऱ्याला शिक्षा व्हावी आणि ज्याच्यावर वार झाला त्याला न्याय मिळावा, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु एक शब्द सैल सोडला की तो कोणालाही जाऊन चिकटतो. अमुक वस्तीतला, केस असे कापलेला, गाडीवर तिघे बसलेला प्रत्येक पोरगा संशयित होतो. २०१२ च्या दिल्लीतील भीषण घटनेनंतर बालन्याय कायदा बदलला, आणि नव्या २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याची वाट उघडली. त्या मागणीच्या गदारोळात एक आकडा फारसा कोणी ऐकला नाही : २०१३ सालच्या सरकारी नोंदीप्रमाणे देशातील भारतीय दंडसंहितेखालच्या गुन्ह्यांत अल्पवयीनांचा वाटा १.२ टक्के होता. बिघडलेल्या पोरांचा सिनेमा आणि बिघडलेल्या पोरांची बातमी ही दोन्ही एकाच भीतीवर चालतात.

शिक्का पुसण्याची वाट कशी असते, हेही याच भागातील माणसांनी दाखवले आहे. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ साली प्रसिद्ध झाले. जन्मानेच चोर ठरवलेल्या जमातीतला हा मुलगा लातूरच्या सूतगिरणीत कामगार झाला आणि तेथे कामगारांच्या संघटनेत शिरला. ज्याला गावाने टोळीतला म्हटले, त्याला संघटनेत सभासद म्हणून नाव मिळाले. एका माणसाच्या आयुष्यात टोळी आणि संघटना यांच्यामधले अंतर किती आहे ते तेथे मोजून घेता येते.

करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांनी २०२२ साली 'झुंड' काढला. नागपूरमध्ये विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या मुलांना जमवून जो फुटबॉल उभा केला, त्यावर तो बेतलेला आहे. चोऱ्यामाऱ्या करणारी, व्यसनात बुडालेली मुले त्यात आहेत. त्यांचा गुन्हा झाकलेला नाही. पण त्या मुलांना कोणी तरी रोज एका वेळी, एका जागी येण्याचे कारण देतो. झोपडपट्टी आणि महाविद्यालयाचे मैदान यांमध्ये एक भिंत आहे. चित्रपटाचे सारे लक्ष त्या भिंतीवर आहे. टोळीच्या चित्रपटांच्या गर्दीत हा चित्रपट वेगळा पडतो, कारण त्याला दुसरी वाट दिसली आहे. ती वाट दिग्दर्शकाच्या कल्पनेतून आलेली नाही. एका शिक्षकाने ती आधी प्रत्यक्षात चालून दाखवली, तेव्हा ती पडद्यावर येऊ शकली.

कार्यकर्त्यांपुढचे काम

मित्रहो, सिनेमाने पोरे बिघडवली हा निकाल सोयीचा आहे, कारण त्यात युनियनच्या कार्यालयावर काही ठपका येत नाही. चित्रपट जेथे थांबतात तेथून चळवळीचे काम सुरू होते, आणि ते काम फार मोठ्या शब्दांत सांगण्याची गरज नाही.

कंत्राटी मुलाचे नाव संघटनेच्या वहीत लिहिले गेले पाहिजे. तो सहा महिने राहो की सहा आठवडे. त्याची वर्गणी कमी ठेवावी, पण नाव असावे. कायम कामगाराला हे जड जाते, कारण त्याला वाटते की हा पोरगा आपली जागा घ्यावयास आला आहे. ही भीती मालकाच्या उपयोगाची आहे, कामगाराच्या नाही, हे सभेत सांगणे सोपे आणि खात्यात सांगणे कठीण. म्हणून ते खात्यातच सांगितले पाहिजे.

संघटनेचे कार्यालय संध्याकाळी उघडे असले पाहिजे. आज बहुतेक कार्यालयांचे कुलूप वाटाघाटीच्या वेळी आणि निवडणुकीच्या वेळी निघते. चिंचोळीहून सुटलेल्या मुलाला टपरीखेरीज बसण्याची जागा नाही. चार बाके, वर्तमानपत्रे, एक कबड्डीचे मैदान, आणि मुलींनाही निर्धास्तपणे येता येईल अशी शिस्त, एवढ्याने आरंभ होतो. तेथे महिन्यातून एकदा त्यांचाच आवडता टोळीचा चित्रपट लावावा. शेवटी उपदेश जोडू नये. तो उद्योग अमेरिकेतल्या वितरकांनी करून पाहिला आहे. चित्रपट संपल्यावर एवढेच विचारावे की या भाईच्या बापाचे काम का सुटले, आणि त्या दिवशी त्याच्या शेजारी कोणी उभे होते काय. उत्तरे मुलांनी द्यावीत.

आणि एखाद्या रात्री पोलिसांनी एखाद्या मुलाला उचलले, तर त्याच रात्री संघटनेचा माणूस ठाण्यात गेला पाहिजे. मुलगा अठरा वर्षांखालचा असेल तर त्याला कोठडीत ठेवता येत नाही, त्याला चोवीस तासांत बालन्याय मंडळापुढे न्यावे लागते, हे प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असावे. मुलाने गुन्हा केला असेल तर तो लपवण्यासाठी हे जाणे नाही. आज त्या रात्री ठाण्यात दोनच माणसे येतात : रडणारी आई आणि टोळीचा वकील. ज्याने वकील पाठवला त्याचा तो मुलगा आयुष्यभराचा ऋणी होतो. टोळीची भरती सिनेमाच्या पडद्यासमोर होते त्याहून अधिक त्या ठाण्याच्या ओट्यावर होते.

संघटनेने मनावर घेतले तर काय उभे राहते, याचे उदाहरण सोलापूरच्या दुसऱ्या टोकाला आहे. विडी कामगार बायांनी लाल बावट्याखाली वर्षानुवर्षे मोर्चे काढले, आणि २००६ साली कुंभारीजवळ गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. झेंडा कोणत्या पक्षाचा, यावर वाद घालण्यास वेळ पुष्कळ आहे. दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या बाईच्या दारावर तिच्या नावाची पाटी लागली, ही गोष्ट त्या घरात वाढणाऱ्या पोराने पाहिली आहे. नाव मिळवण्याची ती एक रीत आहे, आणि त्या रीतीला कोयता लागत नाही.

आज पाळी सुटेल तेव्हा टपरीपाशी त्या मोटारसायकली पुन्हा उभ्या असतील. येथून बाहेर पडणाऱ्या कार्यकर्त्यांपैकी एकाने तरी तेथे थांबावे, मोबाइलवर काय चालले आहे ते पाहावे आणि मधल्या मुलाला त्याचे नाव, गाव आणि कंत्राटदार विचारावा. वही बरोबर असू द्यावी.